अडीचने भागलेली अश्वशक्ती

1921 च्या जानेवारीपासून ब्रिटनमध्ये मोटारीचा वार्षिक कर दर अश्वशक्तीला एक पौंड असा ठरला. या हिशेबाने अमेरिकन घडणीच्या फोर्ड 'मॉडेल टी'ला 23 पौंड पडत, तर बेंटलीच्या 'थ्री लिटर'ला 16. दोन्ही इंजिने चार सिलिंडरची आणि आकारमानानेही जवळजवळ सारखी: फोर्डचे 2.9 लिटर, बेंटलीचे 3 लिटर. फोर्डचे इंजिन ब्रेकवर, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या ताकदीने, मोजले तर 20 अश्वशक्ती देई. बेंटलीचे जवळपास 70 देई. म्हणजे साडेतीनपट ताकदीची गाडी सात पौंड कमी भरत होती आणि हा कर 'अश्वशक्तीवरचा कर' म्हणून ओळखला जात होता.

असे कसे झाले, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी एका वाक्यात मिळते: करासाठी वापरलेल्या सूत्रात पिस्टनच्या धावेची लांबी, म्हणजे स्ट्रोक, धरलेलाच नव्हता. सूत्र करणाऱ्यांना इंजिन कळले नाही, असा या उत्तराचा सूर असतो. मागे उरलेली साधने मात्र वेगळे सांगतात. ती साधने तीन प्रकारची आहेत: सूत्र स्वतः, ते कायद्यात आणणारे अर्थविषयक अधिनियम आणि त्या काळच्या इंजिनांची छापील मापे. ती एकमेकांशेजारी ठेवून हिशेब उलटा केला, तर चूक कोठे झाली ते नेमके दाखवता येते.

सूत्राच्या पोटात काय आहे

सूत्र असे: सिलिंडरच्या व्यासाचा (बोअरचा) इंचांमध्ये वर्ग करा, सिलिंडरांच्या संख्येने गुणा आणि अडीचने भागा. व्यास मिलिमीटरमध्ये असेल तर 1613 ने भागा. आलेला आकडा म्हणजे अश्वशक्ती. हे सूत्र ब्रिटनच्या ऑटोमोबाइल क्लबचे. 1897 साली स्थापन झालेल्या आणि 1907 साली 'रॉयल' हे बिरुद मिळालेल्या या क्लबच्या आद्याक्षरांवरून ते 'आर.ए.सी. रेटिंग' म्हणून प्रसिद्ध झाले. अमेरिकेत परवानाधारक मोटार उत्पादकांच्या संघटनेनेही हेच सूत्र स्वीकारले. त्यामुळे ते कोणा एका कारकुनाच्या टेबलावरची सोय नव्हते. दोन देशांतल्या जाणत्या लोकांना ते पटलेले होते.

अडीच हा आकडा आला कोठून? वाफेच्या इंजिनापासून चालत आलेली रीत अशी: पिस्टनवरचा सरासरी दाब, पिस्टनचे क्षेत्रफळ आणि दर मिनिटाला दाबाखाली कापलेले अंतर यांचा गुणाकार करायचा आणि त्याला 33,000 ने भागायचे. मिनिटाला 33,000 फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ती, हे प्रमाण जेम्स वॉटचे. पेट्रोल इंजिनासाठी सूत्रकारांनी तीन गोष्टी गृहीत धरल्या. सिलिंडरमधला सरासरी दाब चौरस इंचाला 90 पौंड. त्यातून घर्षण वगैरे जाऊन बाहेर हाती लागणारा हिस्सा 75 टक्के. आणि पिस्टनचा सरासरी वेग मिनिटाला 1000 फूट.

आता एक इंच व्यासाचा सिलिंडर घ्या. त्याचे क्षेत्रफळ 0.7854 चौरस इंच. 90 चे 75 टक्के म्हणजे 67.5 पौंड दाब. चार-स्ट्रोक इंजिनात चार धावांपैकी एकच धाव काम देते, म्हणून हजार फुटांपैकी 250 फूटच उपयोगाचे. या तिन्हींचा गुणाकार सुमारे 13,254 येतो. 33,000 ने भागल्यावर 0.4016, म्हणजे 2.49 ने भागल्यासारखे. व्यवहारात तेच अडीच झाले.

या हिशेबात स्ट्रोक नाही हे खरे, पण तो विसरलेला नाही. स्ट्रोक लांब असेल आणि पिस्टनचा वेग तोच राहिला, तर फेऱ्या तेवढ्याच प्रमाणात कमी होतात. प्रत्येक धावेचे काम वाढते, धावांची संख्या घटते आणि गुणाकार तेथेच राहतो. पिस्टनचा वेग ठरलेला असेल तर अश्वशक्ती स्ट्रोकवर अवलंबून नसते. हे भौतिकशास्त्र आजही खरे आहे. ज्यांनी सूत्र मांडले त्यांना इंजिन चांगले कळत होते. त्यांनी स्ट्रोकची जागा एका आकड्याने भरली होती, तो म्हणजे मिनिटाला 1000 फूट. पुढची सगळी कहाणी या आकड्याची आहे.

फोर्डच्या इंजिनावर सूत्र तपासून पाहू. बोअर पावणेचार इंच, स्ट्रोक चार इंच. सूत्राने अश्वशक्ती 22.5. प्रत्यक्षात 1600 फेऱ्यांना 20. त्या फेऱ्यांना पिस्टनचा वेग येतो मिनिटाला 1067 फूट. ब्रेकवरच्या ताकदीवरून मागे जाऊन काढलेला उपयोगी दाब येतो सुमारे 56 पौंड. वेग गृहीतकाला चिकटून, दाब थोडा कमी. 1908 साली बाजारात आलेले हे इंजिन सूत्राच्या जगातलेच आहे आणि सूत्र त्याच्याविषयी जवळजवळ खरे बोलते.

हाच हिशेब बेंटलीवर करा. बोअर 80 मिलिमीटर, स्ट्रोक 149. सूत्राने 15.9. प्रत्यक्षात 3500 फेऱ्यांना सुमारे 70. पिस्टनचा वेग मिनिटाला 3400 फुटांवर जातो, दाब सुमारे 87 पौंड निघतो. दाब गृहीत धरलेल्या 67.5 पौंडांच्या 1.3 पट, वेग 3.4 पट. साडेतीनपट ताकदीचे रहस्य बहुतांशी वेगात आहे. सूत्राची मांडणी बेंटलीलाही लागू पडते. कालबाह्य झाला होता तो त्यात कोंबलेला हजाराचा आकडा.

कायद्यात शिरताना

अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी 29 एप्रिल 1909 रोजी मांडलेला अर्थसंकल्प ब्रिटिश राजकारणात जमीनकरासाठी आणि उमरावांच्या सभेशी झालेल्या संघर्षासाठी लक्षात राहिला. त्या सभेने नोव्हेंबरमध्ये तो फेटाळला आणि शेवटी एप्रिल 1910 मध्ये तो मंजूर झाला. म्हणूनच त्या अधिनियमाच्या नावात 1909-10 आणि 1910 असे दोन्ही आकडे आहेत. मोटारींसाठी त्यात दोन तरतुदी होत्या: पेट्रोलवर गॅलनला तीन पेन्स आणि गाडीवर अश्वशक्तीनुसार वार्षिक कर. जमा होणारा पैसा रस्त्यांसाठी नव्याने नेमलेल्या रोड बोर्डाकडे जायचा होता.

अश्वशक्ती कशी मोजायची हे अधिनियमाने स्वतः सांगितले नाही. ते काम राजकोषाच्या नियमांवर सोपवले आणि राजकोषाने क्लबचे सूत्र घेतले. 'ट्रेझरी रेटिंग' हे त्याचे दुसरे नाव यातूनच आले. या निवडीमागची सोय उघड आहे. ब्रेकवर ताकद मोजायची तर यंत्र हवे, माणूस हवा आणि इंजिनाची तयारी कशी केली यावर वाद होणार. बोअर मात्र मापपट्टीने मोजता येते. मालकाला स्वतः पडताळता येते, अधिकाऱ्याला पुन्हा तपासता येते आणि त्यात लबाडीला जागा नाही. कर न्याय्य असावा तसा तो निर्विवादही असावा लागतो. त्या दृष्टीने ही निवड समजण्यासारखी होती.

सुरुवातीचे दरही सौम्य होते आणि ते टप्प्यांचे होते. साडेसहा अश्वशक्तीपर्यंत 2 पौंड 2 शिलिंग, बारापर्यंत 3 पौंड 3, सोळापर्यंत 4 पौंड 4, सव्वीसपर्यंत 6 पौंड 6 आणि असे चढत साठाच्या वर 42 पौंड. या पद्धतीत 17 अश्वशक्ती आणि 25 अश्वशक्ती एकाच खणात पडत. बोअर मिलिमीटरभर कमी करून काही वाचायचे असेल तर ते फक्त खणाच्या सीमेवर.

तरीही धोक्याची सूचना कायद्याच्या आधीच मिळालेली होती आणि ती शर्यतीच्या मैदानातून आली होती. 1908 च्या फ्रेंच ग्राँ प्रीमध्ये चार सिलिंडरच्या इंजिनाचे बोअर 155 मिलिमीटरपुरते मर्यादित केले होते. त्याच वर्षी खुद्द आर.ए.सी.ने आइल ऑफ मॅन बेटावर घेतलेल्या शर्यतीत बोअरची मर्यादा चार इंच होती. 'फोर इंच रेस' हे तिचे नावच पडले. फ्रान्समधल्या छोट्या गाड्यांच्या शर्यतींतही बोअरवर बंधन होते. तिथे 1910 साली लायन-पेजोने जे दोन सिलिंडरचे इंजिन उतरवले त्याचे बोअर 80 मिलिमीटर आणि स्ट्रोक 280 होता. नियम ज्या मापाला हात लावत नव्हता ते माप बोअरच्या साडेतीनपट झाले होते. एका मापावर बंधन घाला, की दुसरे माप वाढते, हे अर्थसंकल्प मंजूर झाला त्याच वर्षी डोळ्यांसमोर होते.

त्याच वर्षीचा आणखी एक पुरावा व्हॉक्सहॉलचा. लॉरेन्स पॉमेरॉय यांनी आखलेले, 90 मिलिमीटर बोअर आणि 120 स्ट्रोकचे इंजिन सूत्राने 20 अश्वशक्तीचे होते. जर्मनीतल्या 1910 च्या प्रिन्स हेन्री चाचणीसाठी सज्ज केलेल्या रूपात ते 2800 फेऱ्यांना 60 देत होते. पिस्टनचा वेग मिनिटाला 2200 फूट. कायदा अमलात आला तेव्हाच सर्वोत्तम ब्रिटिश इंजिनाने गृहीतकाचा वेग दुपटीने ओलांडला होता.

एक पौंड, एक अश्वशक्ती

खरा बदल 1920 च्या कायद्याने केला. पेट्रोलवरचा कर गेला, टप्पे गेले आणि 1 जानेवारी 1921 पासून दर अश्वशक्तीला किंवा तिच्या अंशाला एक पौंड असा दर आला. 'किंवा तिच्या अंशाला' हे शब्द महत्त्वाचे आहेत. 7.8 ला आठ पौंड, 8.1 ला नऊ. आता प्रत्येक पूर्णांक ही सीमा झाली आणि सूत्र मात्र तेच राहिले.

त्यानंतरच्या गाड्यांचे करासाठीचे आकडे वाचले की कायद्याचा ठसा दिसतो: मॉरिस काउली 11.9, मॉरिस ऑक्सफर्ड 13.9, बेंटली 15.9. सगळ्या पूर्णांकाच्या जरा खाली. काही कारखानदारांनी नावात दोन आकडे दिले, जसे अल्विस 12/50 किंवा सनबीम 14/40. पहिला आकडा करापुरता, दुसरा प्रत्यक्ष ताकदीचा. सरकारी आकडा गिऱ्हाइकाला काहीच सांगत नाही हे बाजाराने असे जाहीर मान्य केले होते.

पण इथे सावधपणे पावले टाकली पाहिजेत. 11.9 हा आकडा 1920 च्या कायद्यामुळे आला असे म्हणणे चूक ठरेल. काउलीच्या 1915 च्या आवृत्तीत अमेरिकेहून आणलेले कॉन्टिनेंटल इंजिन होते, बोअर 69 मिलिमीटर. पहिल्या महायुद्धानंतर हॉचकिस कंपनीने त्याच धर्तीवर बनवलेल्या इंजिनात ते 69.5 झाले. दोन्ही वेळा एक पौंडाचा नियम अजून यायचा होता. बारा अश्वशक्तीची सीमा मात्र 1910 च्या टप्प्यांमध्येही होती आणि सूत्राने बाराला पोहोचणारे बोअर 69.56 मिलिमीटर येते. बेंटलीचेही तसेच. ती गाडी 1919 च्या ऑलिंपिया मोटार प्रदर्शनात मांडली गेली होती. तिचा लांब स्ट्रोक करातून आला असे सिद्ध करता येत नाही. 1914 च्या ग्राँ प्रीत मर्यादा बोअरवर नव्हती, एकूण आकारमानावर होती. तरीही जिंकलेल्या मर्सिडीजची मापे 93 आणि 165 होती. लांब स्ट्रोक ही त्या पिढीच्या शर्यती इंजिनांची स्वतःची चाल होती. कराने तिला फक्त बक्षीस दिले.

मग कराचा परिणाम निःसंशय दाखवणारा पुरावा कोणता? मला दोन सापडतात.

पहिला फोर्डचा. 1927 च्या अखेरीस अमेरिकेत आलेल्या 'मॉडेल ए'चे बोअर 3.875 इंच होते. सूत्राने 24 अश्वशक्ती. ब्रिटनसाठी फोर्डने त्याच इंजिनाची 'ए.एफ.' ही आवृत्ती काढली. स्ट्रोक तोच, सव्वाचार इंच. बोअर फक्त 3.05 इंच. सूत्राने 14.9, कर 15 पौंड. एकच कारखानदार, एकच आराखडा, एकच स्ट्रोक आणि बदललेले एकच माप, तेही करपात्र. याचे दुसरे कारण देता येत नाही.

दुसरा पुरावा व्यापक आहे. चार सिलिंडरच्या इंजिनाला सूत्राने बरोबर दहा अश्वशक्ती येण्यासाठी किती बोअर लागते? बरोबर अडीच इंच, म्हणजे 63.5 मिलिमीटर. आता 1930 च्या दशकातल्या 'टेन' नावाच्या गाड्यांची मापे पाहा. ऑस्टिन टेन: बोअर 63.5, स्ट्रोक 89. फोर्ड टेन: 63.5 आणि 92.5. व्हॉक्सहॉल टेन: 63.5 आणि 95. मॉरिस टेन: 63.5, स्ट्रोक सुरुवातीला 102 आणि 1938 च्या नव्या इंजिनात 90. एकमेकांशी स्पर्धा करणारे चार कारखाने, त्यांतले दोन अमेरिकन मालकीचे. स्ट्रोकच्या बाबतीत प्रत्येकाचे मत वेगळे, पण बोअरच्या बाबतीत दशांशापर्यंत एकमत. आठ अश्वशक्तीच्या वर्गातही तेच. तिथे सीमा 56.8 मिलिमीटर. ऑस्टिन सेव्हनचे बोअर 56 आणि 1932 च्या छोट्या फोर्ड 'वाय'चे 56.6. अभियंत्याला मोकळीक असती तर बोअर निवडताना त्याने झडपांचा आकार, ज्वलनकक्षाचा घाट, सिलिंडर ब्लॉकची लांबी यांचा तोल पाहिला असता. इथे बोअर आधीच ठरलेले होते. राजकोषाने ते 1910 साली कायम केले होते आणि आराखड्याची सुरुवात तिथूनच करावी लागत होती.

किंमत कोणी मोजली

बारीक बोअर आणि लांब स्ट्रोक यांनी इंजिन वाईटच होते असे नाही. हळू चालताना ते चांगले ओढते आणि ब्रिटनच्या वळणदार, गजबजलेल्या रस्त्यांवर तो गुणच होता. पण बारीक सिलिंडरच्या माथ्यावर मोठ्या झडपा बसत नाहीत, म्हणून इंजिनाचा श्वास आखडतो. लांब धावेमुळे फेऱ्या वाढवल्या की पिस्टनचा वेग आणि बेअरिंगांवरचा ताण फार लवकर चढतो. लांब अंतर सलग वेगाने कापायचे असेल, जसे साम्राज्यातल्या आणि परदेशातल्या बाजारांत लागे, तर अशी इंजिने दमत.

तरी कर टिकला, कारण त्याचे लाभार्थीही होते. मोठ्या बोअरच्या अमेरिकन गाड्यांना तो महाग पडे आणि देशी कारखान्यांना आपोआप आडोसा मिळे. अर्थमंत्री चर्चिल यांनी 1928 साली पेट्रोलवर गॅलनला चार पेन्स कर परत आणला, तेव्हाही अश्वशक्तीचा कर गेला नाही. 1935 पासून दर पंधरा शिलिंगांवर उतरला, तर 1939 च्या अर्थसंकल्पाने तो पंचवीस शिलिंगांवर नेला. दर खाली-वर होत राहिले, पण अडीचचा भागाकार कोणी हलवला नाही.

तो हलवला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या निर्यातीच्या निकडीने. अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी 1945 साली बोअरऐवजी एकूण आकारमानावर कर नेण्याचे जाहीर केले. 1947 च्या आरंभापासून नव्या गाड्यांना दर 100 सी.सी.ला एक पौंड पडू लागला. स्ट्रोक प्रथमच हिशेबात आला. पण ही व्यवस्था वर्षभरच टिकली. 1 जानेवारी 1948 पासून इंजिन कोणतेही असो, सरसकट दहा पौंड असा कर झाला. 1947 पूर्वी नोंदलेल्या गाड्या जुन्याच सूत्रावर राहिल्या, पण नव्या आराखड्यावरची पकड सुटली. 1947 साली जाहीर झालेल्या स्टँडर्ड व्हॅनगार्डची मापे 85 आणि 92 आहेत. बोअर आणि स्ट्रोक जवळजवळ सारखे. जुन्या सूत्राने या इंजिनाला 17.9 आकडा आला असता आणि पंचवीस शिलिंगांच्या दराने साडेबावीस पौंड कर बसला असता.

साधने एवढे सांगतात. सूत्र करणाऱ्यांवर ठेवलेला अज्ञानाचा आरोप टिकत नाही. त्यांनी आपल्या काळच्या इंजिनांचे प्रामाणिक वर्णन केले आणि त्यासाठी तीन आकडे गृहीत धरले. अभियंत्यांच्या हातात हे सूत्र राहिले असते, तर पिस्टनचा वेग वाढला तसा त्यांनी हजाराचा आकडा दर काही वर्षांनी बदलला असता. कोणत्याही प्रायोगिक सूत्राचे तेच होते. कायद्याने मात्र फक्त भागाकार उचलला. नव्वद पौंड, 75 टक्के आणि हजार फूट हे त्यामागचे आकडे अडीचमध्ये विरघळून गेले होते. जे दिसत नाही ते दुरुस्त करायचे कोणाला सुचत नाही. अश्वशक्ती मोजण्यासाठी केलेले सूत्र 37 वर्षे इंजिनाचे बोअर ठरवत राहिले ते यामुळे. म्हणून एखादे माप कायद्यात घालायचे असेल, तर त्याची गृहीतके आणि ती पुन्हा तपासण्याची मुदत त्याच कलमात लिहायला हवी. ब्रिटनच्या मोटार-कराच्या कागदांतून मला मिळालेला हा सर्वांत ठोस धडा आहे आणि चार कारखान्यांचे 63.5 मिलिमीटर त्याची साक्ष देतात.